काळी काठी, हिरवी पेटी आणि दोन थेंब

1930 साल. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातलं पिओरिया शहर. रस्त्यावर मोटारींची वर्दळ वाढू लागली होती. एक अंध गृहस्थ काठी टेकत रस्ता ओलांडू पाहत होते, पण मोटारी थांबत नव्हत्या. चालक काही निर्दय नव्हते. काठी काळी, खालचा रस्ताही काळपट, त्यामुळे काठी त्यांच्या नजरेतच भरत नव्हती. हे दृश्य पाहणारे जॉर्ज बोनहॅम तिथल्या लायन्स क्लबचे अध्यक्ष होते. त्यांनी विषय क्लबच्या बैठकीत मांडला आणि उपाय इतका साधा निघाला की आज नवल वाटावं: काठी पांढरी रंगवायची. क्लबने काठ्या रंगवल्या, अंधांना दिल्या आणि नगरपालिकेच्या मागे लागून त्याच वर्षी डिसेंबरात नियमही करून घेतला. पांढरी काठी घेतलेला माणूस रस्ता ओलांडत असेल तर आधी त्याला जाऊ द्यायचं. पुढच्या वर्षी अमेरिकाभरच्या लायन्स क्लबांनी हे काम उचललं. आज नाशिकच्या सिग्नलवर किंवा दादरच्या पुलावर पांढरी काठी दिसली की आपण बाजूला सरतो. ती खूण आपल्याला कुणी शिकवली, हे आठवतही नाही.

खरं तर ही कल्पना बोनहॅम यांच्या आधीही एकाला सुचली होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे छायाचित्रकार जेम्स बिग्ज यांची दृष्टी अपघातात गेली. घराभोवतीच्या रहदारीची भीती वाटू लागली, तेव्हा 1921 मध्ये त्यांनी आपली काठी पांढरी रंगवली. एकाच्या हातातली काठी पांढरी झाली. ती सगळ्यांच्या हातात जायला, आणि तिच्यासाठी मोटारी थांबायला, मागे बैठका घेणारी, ठराव करणारी, नगरपालिकेत खेटे घालणारी माणसं लागली. एका माणसाला जे दिसलं ते गावाचं काम करून टाकणं हेच सेवाभावी क्लबचं मूळ काम, आणि त्यातली अवघड गोष्टही हीच.

या क्लबांची सुरुवात मात्र सेवेतून झाली नव्हती. शिकागोत वकिली करणारे पॉल हॅरिस त्या अफाट शहरात एकटे पडले होते. 23 फेब्रुवारी 1905 रोजी चार जण एका कचेरीत भेटले. मग आळीपाळीने एकमेकांच्या कचेऱ्यांत बैठका भरू लागल्या. त्या फिरत्या बैठकांवरून नाव पडलं रोटरी. दोन वर्षांतच मंडळींना वाटू लागलं की नुसत्या ओळखी वाढवून काय करायचं? मग शहराच्या मध्यवस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून त्यांनी पुढाकार घेतला. रोटरीचं पहिलं समाजकार्य हे असं, मुतारी-संडासाचं होतं. एसटी स्टँडवर बायकांची काय कुचंबणा होते हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या पहिल्या कामाचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

रोटरी कोलकात्यात 1919-20 मध्ये आली, मुंबईत 1929 मध्ये. लायन्सचा भारतातला पहिला क्लब 1956 मध्ये मुंबईत निघाला. आज रोटरीचे जगभरात सुमारे 12 लाख सदस्य आहेत, लायन्सचे त्याहून थोडे अधिक.

महाराष्ट्रात या क्लबांची पहिली ओळख होते ती जुलैत. रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं, त्यामुळे त्या महिन्यात तालुक्याच्या वर्तमानपत्रांत पदग्रहण समारंभांचे फोटो येतात: शाल, श्रीफळ, गळ्यात पट्टा अडकवलेले नवे अध्यक्ष. ऑगस्टमध्ये वृक्षारोपण आणि वह्यावाटप, मग रक्तदान शिबिरं, दिवाळीला फराळ, हिवाळ्यात मोतीबिंदूचं शिबिर. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं फोटोपुरतं वाटू शकतं. काही ठिकाणी ते तसं असतंही. पण त्यातलं एखादं काम जवळून पाहिलं की मत बदलतं.

मोतीबिंदूचं शिबिरच घ्या. तपासणी तालुक्याला होते आणि शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या किंवा धर्मादाय रुग्णालयात. डॉक्टर, भिंग आणि औषधं यांची सोय लागते. खरा घोळ मधल्या वाटेवर असतो. सत्तरीतली आजी तपासणीला येते, पण ऑपरेशनच्या दिवशी येत नाही. कारण सोबत यायला कुणी नसतं, घरी म्हैस असते, शेजारणीने भीती घातलेली असते किंवा रक्तातली साखर जास्त निघाल्याने तिला परत पाठवलेलं असतं आणि पुन्हा कधी यायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. अशा वेळी क्लबचा एखादा सभासद, म्हणजे एरवी औषधाचं किंवा हार्डवेअरचं दुकान चालवणारा माणूस, हातात नावांची यादी घेऊन फोन करत बसतो. गाडी पाठवतो. परतताना डोळ्यावर पट्टी असलेल्या आजीला घरापर्यंत सोडतो आणि थेंब कसे घालायचे हे सुनेला पुन्हा एकदा समजावतो. आठवड्याने तपासणीला आणायचं असतं, महिन्याने चष्मा. या फेऱ्यांचा फोटो कुणी काढत नाही. शिबिर यशस्वी होतं ते या फेऱ्यांमुळे.

लायन्स मंडळी डोळ्यांच्या कामाकडे वळली त्यामागे एक भाषण आहे. 30 जून 1925 रोजी ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी त्यांना अंधांच्या बाजूने लढणारे शिलेदार होण्याचं आवाहन केलं. मिरजेच्या लायन्स नॅब नेत्र रुग्णालयासारख्या संस्था आज त्याच वाटेवर उभ्या आहेत.

आता गावाबाहेरच्या कामाकडे येऊ. त्यासाठी आधी इंग्लंडच्या पार दक्षिण टोकाला, कॉर्नवॉलमध्ये जावं लागेल. हेल्स्टन हे तिथलं छोटंसं गाव. जवळच लिझर्डचं भूशिर, त्यापुढे समुद्र. इथल्या रोटरी क्लबचे सदस्य टॉम हेंडरसन पूर्वी ब्रिटिश नौदलात पाणबुडे होते. एका आपत्तीची बातमी दूरचित्रवाणीवर पाहताना त्यांना एक दृश्य खटकलं. मदतीच्या गाडीवरून पाव फेकले जात होते आणि घरदार गमावलेली माणसं ते जमिनीवरून उचलत होती. पोटाला अन्न मिळत होतं, पण माणसाचा मान मातीत जात होता. हेंडरसन यांच्या मनात आलं की एका कुटुंबाला पुन्हा संसार मांडायला जे लागतं ते सगळं एका पेटीत भरून दिलं तर? क्लबने 2000 साली नव्या सहस्रकाचा प्रकल्प म्हणून ही कल्पना हाती घेतली. नाव ठेवलं शेल्टरबॉक्स.

26 जानेवारी 2001. प्रजासत्ताक दिनाची सकाळ, पावणेनऊची वेळ. कच्छमध्ये धरणी हादरली. भुज, भचाऊ, अंजार जमीनदोस्त झाली, सुमारे 20 हजार माणसं गेली. हेल्स्टनच्या क्लबच्या पेट्या पहिल्यांदा निघाल्या त्या याच भूकंपासाठी. 143 पेट्या. एवढ्या मोठ्या संकटापुढे हा आकडा चिमूटभर वाटेल, पण 143 कुटुंबांच्या दृष्टीने तो तसा नव्हता.

ही पेटी आतून पाहण्यासारखी असते. भक्कम हिरव्या प्लास्टिकची, रिकामी झाली की पाणी किंवा धान्य साठवायला वापरता येईल अशी. आत एका मोठ्या कुटुंबाला पुरेल एवढा तंबू, ब्लँकेटं, जमिनीवर अंथरायचा जाड प्लास्टिकचा कागद, पाणी शुद्ध करण्याची सोय, स्टोव्ह आणि भांडी, मच्छरदाण्या, हातोडी-करवतीसारखी अवजारं. आणि मुलांसाठी रंगाच्या कांड्या आणि वह्या. हा शेवटचा जिन्नस कुणाला फालतू वाटेल. पण छावणीतल्या मुलाच्या हातात खडू आला की आईला चूल पेटवायला थोडी उसंत मिळते. हे ज्याला सुचलं, त्याने आपत्तीतलं घर खऱ्या अर्थाने पाहिलं असणार.

कच्छमध्ये त्याच दिवसांत आणखी एक दृश्य होतं: रस्त्याकडेला पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग. देशभरातून ट्रकच्या ट्रक आले होते. देणाऱ्यांच्या मनात कळकळ होती, पण घेणाऱ्याला काय हवं हे कुणी विचारलं नव्हतं. चार वर्षांनी त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या किनाऱ्यावरही तेच झालं. कच्छमधल्या बाया फाटका परकर-स्वेटर घालणार नव्हत्या, कोळणींना लोकरीचे कोट नको होते. मदतीच्या नावाखाली कचरा उचलण्याचं नवं काम त्या गावांच्या माथी आलं.

शेल्टरबॉक्सवालेही शिकत गेले. प्रत्येक ठिकाणी तंबूच लागतो असं नाही हे त्यांना कळलं. कुठे घराच्या भिंती शाबूत असतात आणि फक्त छप्पर उडालेलं असतं, तिथे ताडपत्री, दोर आणि अवजारांचा संच पुरतो. माणसं आपल्याच घराच्या जागी राहू शकतात, त्यांना छावणीत जावं लागत नाही. कुठे सौरदिव्याची गरज जास्त असते. म्हणून पेटीतला ऐवज ठिकाणानुसार बदलू लागला. पेट्या बंदरात उतरवणं, जकातीतून सोडवणं, कोणत्या वाडीपर्यंत रस्ता शिल्लक आहे हे सांगणं या कामांत त्या त्या ठिकाणचे रोटरी क्लब उपयोगी पडतात. 2012 मध्ये रोटरी इंटरनॅशनलशी अधिकृत भागीदारी झाली. 2018 मध्ये नोबेल शांतता पुरस्काराच्या नामांकनात या संस्थेचं नाव होतं. आणि हे सगळं सुरू झालं एका खेड्यासारख्या गावातल्या क्लबच्या बैठकीत.

दूरच्या गावाला मदत करताना दुसऱ्या टोकाला माणूस हवा, हा धडा रोटरीने आपल्या नियमांतही उतरवला आहे. रोटरी फाउंडेशनची सुरुवात 1917 मध्ये आर्च क्लम्फ यांच्या कल्पनेतून झाली आणि पहिली देणगी होती 26 डॉलर 50 सेंट. आज तिच्या मोठ्या, म्हणजे ग्लोबल ग्रँटसाठी प्रकल्प किमान 30 हजार डॉलरचा असावा लागतो आणि दोन देशांतले क्लब सोबत असावे लागतात. एक, जिथे काम व्हायचं तिथला. दुसरा, बाहेरचा. अर्ज करण्याआधी त्या वस्तीची गरज तपासून लेखी मांडावी लागते, लोकांशी बोलावं लागतं. पैसे संपल्यावर काम कोण चालवणार, हेही लिहावं लागतं.

हा शेवटचा प्रश्न महाराष्ट्राच्या कितीतरी शाळांच्या व्हरांड्यात उभा आहे. पाणी शुद्ध करणारं यंत्र, वर देणगीदाराची पाटी, खाली धूळ. फिल्टर बदलायला वर्षाला किती लागतील आणि ते कोण देणार हे उद्घाटनाच्या दिवशी कुणी विचारलेलं नसतं. मुलींसाठी बांधलेली स्वच्छतागृहं पाण्याची जोडणी नसल्याने कुलूपबंद असतात. देणाऱ्या क्लबचा अध्यक्ष जूनअखेर बदलतो, नव्याला स्वतःचा प्रकल्प हवा असतो. वर्षाच्या मुदतीची ही अडचण या क्लबांच्या रचनेतच आहे आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे. जे क्लब चांगलं काम करतात ते तीनचार अध्यक्षांचं काम एकत्र आखतात आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीशी देखभालीचा करार करतात. पाटी थोडी लहान झाली तरी चालते.

भारतातली मंडळी आता घेणाऱ्याच्या जागेवरून उठून देणाऱ्याच्या जागीही बसली आहेत. चंदिगडचे राजेंद्र साबू 1991-92 मध्ये रोटरी इंटरनॅशनलचे अध्यक्ष होते. पद संपल्यावर त्यांनी 1998 मध्ये भारतीय डॉक्टरांचं पथक युगांडाला नेलं. त्यानंतर आफ्रिकेतल्या अनेक देशांत अशी पथकं गेली. डॉक्टर आपल्या दवाखान्यातून सुट्टी काढून जातात, डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करतात, पोलिओने वाकलेले पाय सरळ करतात, भाजलेल्या कातडीवर काम करतात आणि तिथल्या डॉक्टरांना सोबत उभं करतात. जयपूर फूटचीही तीच कथा. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी घडवलेला हा रबराचा पाय अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, मांडी घालून बसू देतो. शेतात राबणाऱ्या आफ्रिकी माणसाला युरोपातल्या महागड्या पायापेक्षा तो अधिक जवळचा. रोटरी क्लबांच्या मदतीने भरलेल्या शिबिरांतून तो आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या कितीतरी गावांत पोचला आहे.

पण या सगळ्या कामांत सर्वांत मोठं, सर्वांत लांबलेलं आणि अजून न संपलेलं काम आहे पोलिओचं.

29 सप्टेंबर 1979 रोजी फिलिपीन्समधल्या मकाती इथे रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स बोमर यांनी एका बाळाच्या तोंडात लसीचे थेंब टाकले. पाच वर्षांत तिथल्या सुमारे 60 लाख मुलांना लस द्यायची, असा तो प्रकल्प होता. त्यातून धीर आला आणि 1985 मध्ये रोटरीने जगातल्या सगळ्याच मुलांचा विडा उचलला. 12 कोटी डॉलर जमवायचं ठरलं होतं, 1988 पर्यंत जमले 24 कोटी 70 लाख. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा 125 देशांत हा आजार होता आणि वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती.

भारतात देशव्यापी पल्स पोलिओ मोहीम 1995 च्या डिसेंबरात सुरू झाली. पुढची पंधरासोळा वर्षं 'पोलिओचा रविवार' हा आपल्याकडे सणवारासारखा झाला. पिवळे फलक, डोक्यावर टोप्या, शिट्ट्या वाजवत गल्लीतून फिरणारी मुलं. ही फलक-टोप्यांची सामग्री बऱ्याच ठिकाणी रोटरीने पुरवलेली असे. बूथवर आशाताई आणि अंगणवाडीताई. शेजारी क्लबचे स्वयंसेवक, मुलं आणायला, रांग लावायला, चहा द्यायला. एकेका फेरीत देशभरात सुमारे 17 कोटी मुलांना डोस द्यायचा आणि त्यासाठी वीस लाखांहून अधिक माणसं कामाला.

लसीच्या कुपीवर एक गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली. उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडत जातो. तो गोलाइतका गडद झाला की कुपी बाजूला ठेवायची. थर्मामीटर नको, प्रयोगशाळा नको. एप्रिलच्या उन्हात विदर्भातल्या पाड्यावर बर्फाची पेटी खांद्याला लावून चालणाऱ्या ताईला त्या इवल्या चौकोनावरून कळतं की आपल्या हातातलं औषध अजून कामाचं आहे. दोन थेंब, मग डाव्या हाताच्या करंगळीला शाई. मूल रडलं तर रडू दे, करंगळी रंगली की झालं.

अवघड होती ती दारं, जी उघडत नव्हती. पश्चिम उत्तर प्रदेशात अफवा पसरल्या होत्या की या थेंबांनी पुढे मुलं होत नाहीत. 2002 मध्ये देशात दीड हजारांहून अधिक मुलांना पोलिओ झाला, त्यातली बहुतेक उत्तर प्रदेशातली. रोटरीने तिथे उलेमांची समिती उभी केली, मौलवींनी मशिदींतून आवाहन केलं, आपल्या नातवंडांना लोकांसमोर डोस पाजला. आरोग्य शिबिरं भरवली, कारण लोकांचं म्हणणं रास्त होतं: जुलाबाला औषध नाही, प्यायला पाणी नाही आणि दर महिन्याला थेंब मात्र घेऊन येता? घरात शिरायचं तर बाई हवी, म्हणून घरोघर जाणाऱ्यांत बायका वाढल्या. रोटरीने स्वतःची दारं स्त्रियांना 1989 मध्ये, अमेरिकेतल्या कोर्टकचेरीनंतर उघडली होती. पोलिओचं काम बायकांच्या पायांवर चाललं, हे लक्षात घेतलं की तो उशीर जास्तच बोचतो.

2009 मध्ये भारतात 741 रुग्ण होते, जगातल्या एकूण रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे. 2010 मध्ये 42. त्यातले 5 महाराष्ट्रातले आणि त्या यादीत मालेगावचंही नाव होतं. मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने 2001 पासून तपासले जात होते. परळच्या प्रयोगशाळेत त्यांत नैसर्गिक, म्हणजे लसीतला नसलेला, विषाणू शेवटचा सापडला तो नोव्हेंबर 2010 मध्ये. 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात दीड वर्षाच्या एका मुलीचा पाय लुळा पडला. ती नैसर्गिक पोलिओची भारतातली शेवटची रुग्ण. 27 मार्च 2014 रोजी भारतासह आग्नेय आशिया पोलिओमुक्त जाहीर झाला, 25 ऑगस्ट 2020 रोजी आफ्रिका नैसर्गिक विषाणूपासून मुक्त झाली.

उरले पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. 2021 मध्ये सगळ्या जगात नैसर्गिक पोलिओचे मोजके सहा रुग्ण होते, तेव्हा शेवट आला असं वाटलं. 2024 मध्ये या दोन देशांतच मिळून नव्वदहून अधिक झाले. पाकिस्तानात लस देणाऱ्या बायका आणि त्यांच्या रक्षणासाठी सोबत असलेले पोलिस गोळ्यांना बळी पडले आहेत. तरी दुसऱ्या दिवशी दुसरी ताई तीच पेटी खांद्याला लावून निघते.

म्हणून आपल्याकडेही पोलिओचा रविवार बंद झालेला नाही. रविवारच्या बूथनंतर घरोघर फेरी असते. दारावर खडूने खूण होते: सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी पी, एखादं राहिलं असेल तर एक्स. ऊसतोडीच्या टोळ्यांची पालं, वीटभट्ट्या, बांधकामावरची पत्र्याची घरं यांची वेगळी यादी असते, कारण तिथली मुलं आज इथे तर उद्या कर्नाटकात. एक्सच्या घरी पुन्हा जावं लागतं. मूल आजोळी गेलंय, झोपलंय, तापाने फणफणलंय, आई रानात गेलीय. सायंकाळी क्लबचा एक स्वयंसेवक ताईला मोटारसायकलवर मागे बसवून वस्तीवर आणतो. दार उघडतं, आजोळहून परतलेलं पोर आजीच्या पदराआडून डोकावतं. कुपीवरचा चौकोन अजून फिका आहे. दोन थेंब, करंगळीला शाई. ताई ओल्या हाताने चौकटीवरचा एक्स पुसते आणि खडू मागण्यासाठी हात पुढे करते.